हरेश्वरकाकांची दुसरी थाळी

हरेश्वरकाका एकटेच यायचे आणि दोन थाळ्या मागवायचे. ठाणे स्टेशनजवळच्या खानावळीत, दर रविवारी दुपारी. एक स्वतःपुढं, दुसरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. जेवून झालं की ती भरलेली थाळी तशीच सोडून उठायचे.

काका बाळकुमचे कोळी, जहाजावर स्वयंपाकी म्हणून जग फिरलेले. धाकटा भाऊ धर्माही त्याच जहाजावर. हॅम्बुर्गच्या एका खानावळीत धर्मा म्हणाला, "दादा, माजं पन मागवून ठेव, आलूच मी," आणि बाहेर गेला. तो आलाच नाही. तेव्हापासून काका प्रत्येक शहरात दोघांचं मागवत आले.

"हाँगकाँगचा वेटर गपचूप दोघांच्या जेवायच्या काड्या मांडतो," शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या मला ते सांगायचे. "लंडनवाला तीनदा विचारतो, दुसरे साहेब कधी येणार? नि आपला ठान्याचा? बोलतो, पार्सल करू का!" हसायचे. मग विचारायचे, "माजा भाव आला तं उपाशी बसंल का रं?"

मी तेव्हा कळव्यात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचो. 'मेलेल्याला पान, जित्याला अपमान!' ही घोषणा माझीच. स्टेशनच्या पुलाखाली माणसं उपाशी आणि इथं भरलं ताट कचऱ्यात? डोकंच फिरायचं. एका रविवारी सरळ त्या खुर्चीत जाऊन बसलो.

"काका, बघा, कुणी नाहीये इथं. मी खातो."

त्यांनी अडवलं नाही. हातातला घास तसाच धरून बघत राहिले. मी मासा खाल्ला, भात संपवला, सोलकढी प्यायलो.

"झाला?" त्यांनी विचारलं आणि बोट दाखवलं. ताटाच्या कडेला माशाचे काटे एका ओळीत, टोकं बाहेर करून लावलेले होते.

"धर्मा असंच लावायचा."

मी जन्मात कधी काटे मांडलेले नाहीत.

"योगायोग," मी म्हणालो.

"जेवला माजा भाव," काका म्हणाले. "आता कुनाची वाट बघू?"

पुढच्या रविवारी त्यांनी एकच थाळी मागवली, तीही अर्धी टाकली. त्याच्या पुढच्या रविवारी टेबल रिकामं. बाळकुमला गेलो तर ओटीवर माणसं बसलेली. काकी एवढंच बोलल्या, "भूकच गेली रं त्यांची." तो माणूस त्या ताटावर जगत होता, आणि ते मी खाल्लं.

पत्रकं मी अजून वाटतो. भूत नसतंच, हे आजही ठणकावून सांगतो. पण कल्याणला असो की डोंबिवलीला, कुठल्याही हॉटेलात एकटा शिरलो तरी वेटर पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवतो. आधी मी भांडायचो. हल्ली दोन थाळ्या मागवतो. उठताना समोरच्या ताटाच्या कडेकडे बघत नाही.