कार्डावरचं माहेरचं नाव

दातांचे डॉक्टर बसवंतअण्णा गेल्याचा निरोप गुलबर्ग्याहून आला तेव्हा मी डाळ निवडत होते. रडू नंतर आलं. आधी भीतीच वाटली... आता माझं तोंड ओळखणारं कोण राहिलं?

मी हळ्ळीखेडची सुभद्रा. लहानपणी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात अण्णांनी माझी दाढ भरली, वर पेन्सिलीनची सुई दिली आणि माझा श्वासच कोंडला. ओठ सुजले, डोळ्यांपुढं अंधार आला. अण्णांनी धावाधाव करून मला वाचवलं आणि माझ्या कार्डावर लाल शाईनं ‘पेन्सिलीन नको’ लिहून ठेवलं. पेशंटांची कार्डं जपणारं त्यांचं लाकडी कपाट हा तेव्हा गावाच्या थट्टेचा विषय होता. दात पडला तरी अण्णा कार्ड पडू देत नाहीत, असं लोक म्हणायचे. पुढं माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, “सासरी ह्यातलं काय बी बोलू नको. रोगट पोरगी दिली म्हणून परत पाठवतील.” आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. सुभद्राची मी लक्ष्मी झाले.

वर्षभरात दुसरी दाढ सुजली आणि सासूबाईंनी मला नेमकं त्याच दवाखान्यात आणलं. “नाव लक्ष्मी. पहिल्यांदाच आलीय,” त्यांनीच सांगून टाकलं. लक्ष्मीचं कार्ड कुठून असणार? सुजलेलं तोंड आणि डोक्यावरचा पदर, अण्णांनीही ओळखलं नाही. ते सुई भरायला लागले आणि मी थिजले. बोलावं तर संसार जाणार, गप्प बसावं तर जीव... अण्णा सुई घेऊन जवळ आले, पुन्हा एकदा तोंडात बत्ती धरली आणि थांबले.

“ही दाढ तर मीच भरल्याली हाय. पोरी, माहेरचं नाव काय तुझं?”

“ते कामून पायजे आता?” सासूबाई म्हणाल्या.

“कपाटात बघायचंय, अक्का.”

“सुभद्रा,” मी कशीबशी म्हणाले. कार्ड निघालं. त्यावरची लाल शाई अण्णांनी दोनदा वाचली. सुई बाजूला ठेवून ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, “गोळ्यांवर भागंल. सुई न्हाई लागत.” त्या दिवसापासून त्यांच्याकडं प्रत्येक बाईच्या कार्डावर दोन नावं असायची.

परवा माझ्या नव्या सुनेची दाढ ठणकायला लागली म्हणून तिला तिथंच नेलं. अण्णांचा मुलगा सतीश आता खुर्चीशी उभा असतो. टेबलावर नवा कॉम्प्युटर आलाय, कार्डं त्यात उतरवणं चाललंय. त्यानं नाव विचारलं. लग्नात आम्हीच ठेवलेलं नाव मी सांगितलं आणि माझ्याच अंगावर काटा आला.

“माहेरचं नाव बी लिही.”

“काकू, ह्यात एकच नाव बसायलंय.”

“मग जागा कर!” मी ओरडलेच. सुनेकडं वळून म्हटलं, “तुझं आधीचं नाव सांग. कधी सुई बाधली असंल तर ते बी सांग. आईनं सांगू नको म्हटलं असंल तरी सांग.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली... पोरगी मलाच भीत होती. मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि आतून तिचा आवाज येईपर्यंत श्वास धरून राहिले.