स्कुटीची काच मी चार बोटं कापली

मैत्रिणींनो, आज अंगणात बसून मी माझ्या स्कुटीची पुढची फायबरची काच कापली. आरीपत्त्यानं. स्वतः!

करडीहून मोहाडीला ही गाडी रोज मी चालवते. पण काच बसवताना दुकानदारानं गाडीवर बसवून माप घेतलं ते माझ्या नवऱ्याचं. त्यामुळे काचेची कड बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची. आज सकाळी त्या कडेपायी समोरची बकरी दिसलीच नाही. थोडक्यात वाचली बिचारी.

तशीच दुकानात गेले, तर तो म्हणतो, "ताई, सीटवर उशी घेऊन बसत जा ना!"

उशी? माझं डोकंच फिरलं. घरी येऊन काच काढली, तडकू नये म्हणून दोन्हीकडून टेप लावला आणि कडेपासून चार बोटं खाली ताट ठेवून गोलाई आखली. नवरा ओरडला, "फुटून जाईन ना वं!"

"फुटली तं फुटली," म्हटलं, आणि हळूहळू कापली. एकही तडा गेला नाही.

संध्याकाळी त्यांनी चक्कर मारून पाहिली. "मले तं तोंडावर हवा लागून राहिली!"

म्हटलं, "मंग मागं बसा."

तुमच्या घरी गाडी चालवते कोण, आणि माप कोणाचं घेतलं होतं? सांगा बरं.