लागलेला डाव

वाळूजच्या कामगार क्लबात रमीची स्पर्धा चार दिवस चालली. हारतुरे आणि भोंगा पहिल्या दिवसापासूनच सज्ज होते. आमच्या खात्यातला एक फिटर पत्ते छातीशी धरी, वाईट पानालाही "असू द्या" म्हणे आणि जिंकत जाई. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेले दिवस होते. आडनाव लपवून त्यानं गावात खोली घेतली होती. खात्याला ते ठाऊक होतं, घरमालकाला नव्हतं.

अंतिम डावाला घरमालक प्रेक्षकांत पुढच्याच खुर्चीत होता. निवेदक ओरडला, "विजेत्यानं माइकवर आडनावासकट नाव सांगायचं!"

मी फिटरच्या मागं उभा होतो. त्याचा डाव लागला होता. त्यानं पत्ते मिटून पालथे टाकले.

"नाय लागला."

घरमालकानं त्याची पाठ थोपटली. "हरलास तर हरलास रं, आपल्यातलाच हायस!"

"व्हय," तो म्हणाला आणि विजेत्यासाठी टाळ्या वाजवू लागला.