रंजिताने न केलेली सही

दर तीन महिन्यांनी रंजिता सकाळी साडेसहाला माझ्या घरी रक्त घ्यायला येते. कामोठ्याच्या एका लॅबमध्ये ती टेक्निशियन आहे. स्कूटरच्या डिकीत बर्फाचा डबा ठेवून ती घरोघर हिंडते आणि नऊच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये पोचवते. तिची सुई लागत नाही. शीर सापडेपर्यंत ती काहीतरी विचारत राहते, आणि आपण उत्तर देत असतानाच काम झालेलं असतं.

शाळेत माझ्या वर्गात असताना मात्र ती फार कमी बोलायची. विचुंब्याहून चालत यायची, तिसऱ्या बाकावर बसायची. कुणाला पेन्सिल दिली तर परत मागायची नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "मागितली की ती माझ्याशी बोलणार नाही, बाई." सहावीतली मुलगी. मी हसून सोडून दिलं होतं.

या फेब्रुवारीत आली तेव्हा माझ्या हातावर कापूस दाबताना म्हणाली, "बाई, तुमची एक सही हवी होती. साक्षीदार म्हणून."

"कशावर?"

"हक्कसोड करतेय."

"ती तर केव्हाच झाली की तुझी."

"ती विचुंब्याच्या जमिनीची. ही कामोठ्याच्या फ्लॅटची."

विचुंब्याकडच्या गावांत एक रीत आहे. वडील गेले की बहिणी जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात. नोंदणी कार्यालयात सही होते, भाऊ साडी नेसवतो, गोडाचं जेवण होतं आणि माहेर उघडं राहतं. जी बहीण हिस्सा मागते, तिचं माहेर बहुतेक वेळा बंद होतं. रंजिताचे वडील भगवान गेले त्या वर्षी तिनेही सही केली. निकेश, तिचा भाऊ, मला साक्षीदार म्हणून घेऊन गेला होता, कारण घरातले सगळे मला ओळखत होते. हिरवी साडी नेसून रंजिता हसत सही करत होती. पुढे त्या जमिनीवर निकेशने चार मजली इमारत बांधली. पण त्याने शब्द पाळला. तिच्या दोन्ही बाळंतपणांचं त्याने केलं, दर वर्षी तांदळाची पोती पाठवली, भाऊबीज कधी चुकवली नाही.

म्हणून तिची समजूत अशी झाली होती, की आपण सही करून दिली की माणूस गोड राहतो.

हळूहळू तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा प्रितम वेगळे झाले होते. प्रितम तळोज्याला एका कारखान्यात आहे. मारझोड नाही, दारू नाही. त्याला शर्यतीच्या बैलांचा नाद. तिला न सांगता त्याने पाखऱ्या नावाच्या बैलात अर्धी भागी घेतली, त्यासाठी कर्ज काढलं, आणि तिला ते बँकेच्या फोनवरून कळलं. ते एक निमित्त. त्याआधीची दोन वर्षं दोघं एकमेकांशी फक्त मुलांच्या डब्याबद्दल बोलत होती. आता तो आपट्याला, गावी आईकडे राहत होता. फ्लॅट दोघांच्या नावावर, घराचं कर्जही दोघांच्या नावावर.

"तो म्हणतो, फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर कर. मुलं तुझ्याकडे राहू देत, मी कोर्टात काही बोलणार नाही, असं. मग मुलांना घेऊन मी विचुंब्याला जाईन. निकेशदादाने रूम ठेवलीय."

"आणि शाळा?"

"सकाळी स्कूटरवरून सोडेन."

"हप्ता कोण भरतं?"

"मी. बैल आला तेव्हापासून."

"वकिलाला दाखवलंस?"

"वकील आला की भांडण आलं, बाई. मला भांडण नकोय. निनाद रोज विचारतो, पप्पा कधी येणार. मी नाही म्हटलं आणि हा यायचाच बंद झाला तर?"

एवढंच होतं सगळं. सही केली तर डोक्यावरचं छप्पर जाणार, न केली तर मुलांचा बाप जाईल ही भीती. निनाद सहा वर्षांचा. थोरली चारुता अकरा वर्षांची, ती बापाबद्दल काही विचारत नव्हती, आणि रंजिताला त्याची जास्त काळजी वाटत होती.

मी म्हणाले, "कागद वाचल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिने नळीवर माझं नाव लिहिलं, चिकटपट्टी लावली. मग वर न बघता म्हणाली, "त्या वेळी न वाचता केली होतीत."

खरं होतं. त्या वेळी मी चहा प्यायले होते आणि बोट दाखवलं तिथे सही केली होती. ती गेल्यावर बराच वेळ मी हातावरचा कापूस तसाच धरून बसले होते.

त्या रविवारी मी विचुंब्याला गेले. रंजिता मुलांना घेऊन आधीच पोचली होती. निकेशने मोठ्या उत्साहाने तिसऱ्या मजल्यावरची रूम दाखवली. नवा पंखा, त्याच्या पात्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. खिडकीशी चारुतासाठी अभ्यासाचं टेबल. ओट्यावर गॅस, दोन बर्नरचा. त्याने हे सगळं स्वतः जाऊन आणलं होतं, हे त्याच्या सांगण्यावरूनच कळत होतं.

"भाडाबिडा काय नाय, बाई," तो म्हणाला. "माजी भन हाय ती. आमी काय तिला रस्त्यावर सोडू?"

मालूबाई, दोघांची आई, जिना चढून आल्या होत्या आणि दारातच टेकल्या होत्या. वय सत्तरीचं, गुडघे दुखतात, पण आवाज खणखणीत.

"तू नाय सोरनार, मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "पन धा वर्सांनी तुजी पोरा लगनाला येतील. त्यांना रूम लागल. तवा ही कुठं जावाची?"

"आई, तवाचा तवा बगू."

"तवा मी नसन बगाला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तेवा हिला सही मीच कराला लावली. भाऊ तुटंल म्हनून. हा चांगला निंगाला, म्हनून आज आमी हसतंव. पन भाऊ येगला, नवरा येगला. भाऊ रागावला तरी भाऊबीजेला दारात येतो. सोरलेल्या नवऱ्याची कंची भाऊबीज?"

चारुता खुदकन हसली. रंजितालाही हसू आलं, पण तिने तोंड खिडकीकडे केलं.

निकेश मात्र दुखावला. "म्हंजी माज्यावर तुमचा इस्वास नाय."

"इस्वास हाय म्हनून तुज्या तोंडावर बोलतंय. नायतं मागारी बोललू असतू." मालूबाईंनी पंख्याकडे बघितलं. "रूम र्‍हाऊ दे. पंख्याचा पिलास्टिक काड. ती येल, र्‍हाईल, जाईल. पन सोताचा घर सोरून नाय येवाचा."

निकेशने स्टूल आणलं आणि खरोखरच ते प्लॅस्टिक काढायला लागला. वरूनच म्हणाला, "बाई, तुमच्या ओळकीचा वकील हाय काय कोन? चांगला बगा. फी मी देतो."

माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई जुन्या पनवेलात बसतात. मी रंजिताबरोबर गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पहिलाच प्रश्न केला, "बँकेला विचारलंय?"

"नाही."

"मग ऐक. हा कागद झाला तर तुझं नाव घरातून जाईल. कर्जातून जाणार नाही. ते बँक काढेल तेव्हाच जाईल, आणि एकट्याच्या पगारावर कर्ज ठेवायला बँक तयार व्हायला हवी. नवऱ्याने हप्ता चुकवला तर बँक तुला फोन करेल."

"म्हणजे घर त्याचं आणि हप्ता माझा?"

"बँकेला तुमचं काय बिनसलंय हे माहीत नसतं."

मी रंजिताला रक्त बघून कधी घाबरलेलं पाहिलं नाही, पण त्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडले होते. तिला राग आला नव्हता, तिला लाज वाटत होती. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "बाई, मी किती हुशार समजत होते स्वतःला. लोकांचे रिपोर्ट वाचते, आणि स्वतःचा कागद वाचता आला नाही."

मी म्हणाले, "मलाही नव्हता आला." मग आम्ही उसाचा रस प्यायलो.

नाही म्हणायचं तिने ठरवलं, पण फोनवर नाही आणि कोर्टाच्या आवारातही नाही. "तुमच्याकडे बोलावू का त्याला? तुमच्यासमोर तो आवाज चढवणार नाही," ती म्हणाली. मी होकार दिला.

प्रितम शनिवारी दुपारी आला. हातात वालाच्या ओल्या शेंगांची पिशवी, आपट्याच्या त्यांच्या शेतातल्या. ती कुणाकडे द्यायची हे न कळून तो पिशवी मांडीवरच घेऊन बसला. मी त्याला दोन-तीनदाच पाहिलं होतं. दंडाला भरलेला, पण बसताना खुर्चीच्या कडेवर बसणारा माणूस.

"पाखऱ्या विकला," त्याने सुरुवात केली. "म्हणजे माझा अर्धा विकला."

"कुठला अर्धा?" रंजिता म्हणाली. "धावणारा की खाणारा?"

"तू आहेसच तशी."

"खाणारा आपल्याकडे होता, म्हणून विचारलं."

तो हसू दाबायला गेला आणि जमलं नाही. एके काळी ही दोघं अशीच बोलत असतील, असं मला वाटलं. मग रंजिताने श्वास घेतला आणि सांगून टाकलं. "प्रितम, मी सही करणार नाही. घर सोडणार नाही. मुलं त्या घरातून चालत शाळेत जातात. ते मी मोडणार नाही. तुला राग आला तरी चालेल."

शेवटचं वाक्य उभ्या आयुष्यात तिने कुणाला म्हटलं नसेल.

प्रितमने शेंगांची पिशवी अखेर खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मला घर पळवायचं नव्हतं."

"मग कागद कशाला केलास?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात निनादला भेटायला गेलो. वॉचमन नवीन. म्हणाला, कुणाकडे जायचंय? वहीत लिहा. नाव, फ्लॅट नंबर, कामाचं कारण." तो थांबला. "कारण काय लिहू, बाई? त्या घराचे पहिले दहा हप्ते मी ओव्हरटाइम करून भरलेत. वाटलं, घर नावावर असलं की निदान वहीत लिहायला नको."

रंजिताला हे माहीत नव्हतं.

"मला सांगायचं ना," ती म्हणाली.

"तू फोन उचलत नव्हतीस."

"हप्त्याची तारीख जवळ आली की मी कुणाचाच उचलत नाही."

मग दोघं बोलत गेली. मी शेंगा सोलायला घेतल्या, कारण मी तिथं नुसती बसले असते तर त्यांना बोलता आलं नसतं. काय ठरलं ते सांगते. घर दोघांच्याच नावावर राहील, निनाद अठरा वर्षांचा होईपर्यंत कुणीही विकणार नाही. राहतील रंजिता आणि मुलं. हप्ता रंजिता भरेल, कारण राहणार ती. मुलांची फी, सोसायटीचा देखभाल खर्च आणि महिन्याला ठरावीक रक्कम प्रितम देईल. बैलाचं कर्ज त्याचं एकट्याचं. यावर त्याने मान डोलावली.

मुलांच्या भेटीवर मात्र गाडी अडली. प्रितमचं म्हणणं, एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मुलांना आपट्याला नेईन. रंजिता म्हणाली, "चारुताला विचारलं मी. ती म्हणाली, आम्ही बॅगा भरणार नाही. भांडलात तुम्ही, बॅगा तुम्ही भरा."

प्रितमने कपाळाला हात लावला. "तुझ्यावर गेलीय."

"आजीवर गेलीय."

थोड्या वेळाने रंजिताच म्हणाली, "तू घरी ये. शनिवार-रविवार तू राहा मुलांबरोबर. मी विचुंब्याला जाईन. रूम आहेच."

मला हे ऐकून आश्चर्य वाटलं. बहुतेक बायका हे कबूल करणार नाहीत, आणि का नाही तेही मला समजतं. वकीलबाईंनीही नंतर दोनदा विचारलं, नक्की ना? पण रंजिता ठाम होती. ते सगळं त्यांनी समजुतीच्या करारात लिहून घेतलं. वेगळं राहायला लागून वर्ष पूर्ण झालं की तोच कागद घटस्फोटाच्या अर्जासोबत कोर्टात जाईल. सोसायटीला रंजिताने स्वतः पत्र दिलं, की श्री. प्रितम भोईर हे सदनिकेचे सहमालक आहेत.

पहिल्या शनिवारी मी कामोठ्याला होते, निनादला गोष्टीचं पुस्तक द्यायला गेले होते. सकाळी आठ वाजता बेल वाजली. खिशात किल्ली असूनही प्रितमने बेल वाजवली होती. रंजिताने दार उघडलं.

"खोकल्याचं औषध फ्रिजवर आहे," ती म्हणाली. "पाच एमएल."

"माहितीय."

"चारुताचं गणिताचं…"

"मी बघतो."

"तुला गणित येतं?"

"पप्पांना येतं," आतून चारुताचा आवाज आला. गेल्या चार महिन्यांत बापाबद्दल ती पहिल्यांदाच काही बोलली होती. प्रितमने चपला काढल्या आणि रॅकमध्ये, अगदी कोपऱ्यात, नीट लावून ठेवल्या.

रंजिता बॅग घेऊन खाली गेली. मी खिडकीतून पाहिलं. स्कूटर सुरू करायच्या आधी ती दोन मिनिटं तशीच बसून होती. मला वाटलं, परत वर येईल. आली नाही. गेली.

साडेअकराला मी मालूबाईंना फोन केला. पोचली का, जेवली का, विचारायला.

"पोचली," त्या हळूच म्हणाल्या. "आल्याव चा पन नाय घेतला. पंख्याखाली आरवी झाली नि निजली ती अजून उठली नाय. निकेसची पोरा वर नाचत व्हती, त्यांना खाली पाटवला. बाई, हिला उठवू काय? जेवान थंड होतंय."

"नको," मी म्हटलं. "झोपू दे तिला."

"मी बी तेच म्हनतंय," मालूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवताना त्यांनी दार हलकेच लोटल्याचा आवाज मला ऐकू आला.