लाटा आलेला फोटो

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, हे मी आता कुणालाही सरळ सांगते. पूर्वी आम्ही ‘त्याचं जरा डोकं दुखतं’ असं सांगायचो आणि सोयरे बाम सुचवायचे.

तो हसनाबादला आबांजवळ, म्हणजे आमच्या वडिलांजवळ राहतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी नोकरीमुळे जालन्यात. भावाला माणसांचे आवाज ऐकू येतात. समोर कुणी नसताना, एकाच वेळी चारपाच जण, आणि सगळे त्याच्याचबद्दल बोलतात. गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांचा आवाज खाली आलाय, पण ते उठून गेलेले नाहीत. गोळ्यांनी झोप मात्र फार येते. आणि आबांचं भांडण नेमकं त्या झोपेशी होतं.

“सोंग करून राह्यला,” ते म्हणायचे. “ताप असता तं हाताला लागला असता. हाड मोडलं असतं तं दिसलं असतं. याला काय झालं ते दाखवा ना मला.”

मला दाखवता यायचं नाही आणि माझा पारा चढायचा. गावातही भावाला सोंगाड्या म्हणायला लागले होते. त्यानं चहाच्या टपरीवर जाणं सोडलं. एकदा मिरची तोडणीच्या दिवसांत आबांनी रागाच्या भरात त्याच्या सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. पुढच्या आठवड्यात तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेला सापडला. आवाजांनी सांगितलं होतं म्हणून बसला होता. आबा तरी म्हणाले, भेव दाखवतोय. त्या दिवशी मला माझ्या बापाचा खरोखर तिरस्कार वाटला. पुन्हा गोळ्या फेकल्या तर आपण वेळेत पोचू का, एवढाच विचार मी जालन्यात बसून करायचे.

भावाच्या डॉक्टरांनी बाहेरगावच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या संशोधनाबद्दल सांगितलं. स्किझोफ्रेनिया आणि डिप्रेशन असलेल्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे आणि धडधाकट माणसांच्या फोटोंशी ताडून बघायचे. धडधाकट म्हणून सख्खं भावंड असलं तर उत्तमच. मी लगेच हो म्हटलं. भावाला विचारलं, तोही हो म्हणाला. माझ्या मनात संशोधन वगैरे काही नव्हतं. फोटो निघणार, आबांना दिसणार, एवढंच होतं.

आबांनाही सोबत घेऊन आम्ही गेलो. तिथली तरुण डॉक्टर प्रामाणिक निघाली. तिनं आधीच सांगितलं, की एकाचा फोटो बघून आजार ओळखता येत नाही. पुष्कळ लोकांचे फोटो एकत्र केले की कुठे बारीकसा फरक कळतो, तोही सरासरीतला. त्यामुळे तुम्हाला रिपोर्ट मिळणार नाही. माझं तोंड उतरलं. आबांना मी समजावलं, “एक बोंड बघून अख्ख्या शिवारातल्या कापसाचा उतारा सांगता येतो का?”

“मला येतो,” आबा म्हणाले.

मशीन लोहचुंबकाचं, म्हणून अंगावरचं सगळं काढायचं होतं. माझं मंगळसूत्र, जोडवी, पिना एका ट्रेमध्ये गेल्या. भावाच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. तो काढा म्हटल्यावर आबा आडवे आले. जिवंत माणसाची कंबर मोकळी ठेवत नाहीत, मेलेल्याचाच करदोडा काढतात, असं त्यांनी त्या डॉक्टरला सुनावलं. मग स्वतःच बाहेर जाऊन काळा दोरा घेऊन आले. आधी तो पोराच्या कमरेला बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि मगच चांदीचा सोडला. ज्याला आबा सोंगाड्या म्हणतात त्याची कंबर ते क्षणभरही मोकळी राहू देत नाहीत. माझा राग थोडा कमी झाला, पण थोडाच.

भाऊ आत गेला आणि दगडासारखा पडून राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी, घरातली शहाणी, नोकरदार, चारचौघांत बोलणारी, मशीन सुरू होताच घाबरीघुबरी झाले. डोक्यावर पिंजरा, नाकापुढे छत, आणि आवाज असा की कानाशी बोअरची गाडी उभी केलीय. मी इतकी चुळबुळ केली की त्यांना थांबवावं लागलं. बाहेर येऊन मी बाकावर बसले.

भाऊ जवळ येऊन बसला. “आक्का, डोळे उघडूच नको. आवाजाशी भांडू नको, त्याला बोलू दे,” तो म्हणाला. “मला तं बरं वाटलं आत. त्या ठोक्यात माझी माणसं बिलकुल गप बसल्ती. लई दिवसांनी.”

मला रडू आलं. आत पुन्हा गेले आणि त्यानं सांगितलं तसं पडून राहिले.

निघताना डॉक्टरनं आठवण म्हणून आम्हाला एकेक छापील फोटो दिला. त्यावर नावं नव्हती. भावाचा फोटो स्वच्छ, रेघन् रेघ स्पष्ट. मी गंमत म्हणून चांगल्याऐवजी माझा पहिला, बिघडलेला फोटो मागून घेतला. हलल्यामुळे त्यात कपाळापासून मागेपर्यंत लाटा उठल्या होत्या.

परतीच्या जीपमध्ये आबांनी माझ्या पर्समधून फोटो काढून घेतले. एक बघितला, दुसरा बघितला. स्वच्छ फोटो माझ्या मांडीवर ठेवला. “हा तुझा,” म्हणाले. लाटांचा खिडकीकडे धरून ते कितीतरी वेळ बघत बसले. मग भावाकडे वळले.

“इतकं होऊन राह्यलं तुझ्या डोक्यात? अन् तू बोलला न्हाई मला?”

भाऊ वर्षानुवर्षं दुसरं काहीच बोलला नव्हता. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं माझं मनगट दाबलं. मी स्वच्छ फोटो परत पर्समध्ये ठेवला.

तो फोटो आता हसनाबादच्या घरात देवाच्या फोटोंशेजारी, काचेच्या चौकटीत आहे. चौकटीत घालण्याआधी आबांनी तो टपरीवर नेऊन सगळ्यांना दाखवला होता. “पाह्य, या लाटा. बराबर इथून सुरू होतात. सोंग म्हणणाऱ्यानं आता माझ्यापुढं म्हणून दाखवावं.” कुणीही म्हणालं नाही. सकाळी भाऊ झोपलेला असला की आबा आवाज न करता बैलांना वैरण टाकतात. रात्रीची गोळी स्वतः काढून देतात, तो गिळेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून उभे राहतात.

दिवाळीला गेले तेव्हा मला ते सहन होईना. माझी चुळबुळ काचेत घालून बापानं भिंतीला लावलीय आणि तिच्यापुढे हात जोडतोय. खोट्याचा मला संताप येतो. मी भावाला म्हटलं, आबांना खरं सांगून टाकू. आता त्यांची समजूत पटलीय, ते काही मागे फिरणार नाहीत.

तो अंगणात मक्याची कणसं सोलत होता. थांबला नाही.

“माझा फोटो साफ निघाला, असं सांगायचं?” त्यानं विचारलं. “मंग मी परत सोंगाड्या. तुला जालन्याला जायचंय, आक्का. मला इथंच राह्यचंय.”

त्याचा स्वच्छ फोटो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.