रशीदचाचाच्या दारातली सलामी

आमचा रशीदचाचा गेल्या आठवड्यात गेला आणि गावठाणात कुणाचंच काही अडलं नाही.

दुपारी त्याला नेला. संध्याकाळी गणपतीच्या मंडपात नेहमीसारखी आरती झाली, प्रसादाला शिरा होता. मी पण खाल्ला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मरोळ गावठाणातल्या आमच्या बेंजो पार्टीचा तो मास्तर. बेंजो त्याचा, ढोल माझ्या बाबांचा, ताशा पास्कलकाकांचा. मागे ट्रॉलीवर जनरेटर, आणि एवढ्या आवाजात त्याच्या शेजारी गाढ झोपलेला चाचाचा मुलगा इरफान.

बाबा बुलढाण्याचे, कट्टर भीमसैनिक. चाचा रत्नागिरीकडचा, मराठी माझ्यापेक्षा साफ. पास्कलकाका पिढ्यानपिढ्या इथलेच, ईस्ट इंडियन ख्रिश्चन.

वर्षभर काम असायचं. गणपती, भीमजयंती, दर्ग्याच्या उरुसातली संदलची मिरवणूक. पास्कलकाकांच्या लोकांत लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, तिथेही हेच. शर्ट एकच, पांढरा. डोक्यावरचं तेवढं बदलायचं.

एकदा चाचा घाईघाईत संदलला भगवा फेटा बांधून आला. दर्ग्याचे मुजावर बघतच राहिले. मग म्हणाले, "रशीद, बाप्पा अजून डोक्यातून उतरला नाही वाटतं तुझ्या."

सगळी गल्ली हसली. चाचाने त्याच फेट्यात अख्खा संदल वाजवला.

आज असा फोटो टाकून बघा कुणीतरी.

तर पार्टीचा एक रिवाज होता.

आपल्यातलं कुणी गेलं की त्यानंतरची पहिली मिरवणूक त्याच्या दारात थांबवायची. मिरवणूक कुणाचीही असो. वाजवणं बंद, सगळे गप्प उभे. मग गेलेल्याच्या आवडीचं एक गाणं, संथ लयीत, आणि पुढे.

याला सलामी म्हणायचे. घरच्यांना आधी सांगायचं नाही. "सांगून दिली तर ती सलामी कसली," असं चाचा म्हणायचा.

बाबा गेले तेव्हा पुढची मिरवणूक गणपतीची होती.

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब, कपाटावर बुद्धाची मूर्ती. त्या दारात बाप्पा थांबला. चाचाने एकट्याने बेंजोवर बाबांचं आवडतं भीमगीत वाजवलं.

आई उंबऱ्यात येऊन बसली आणि तेव्हा कुठे रडली. तोपर्यंत डोळ्यातून टिपूस नव्हता काढला तिने.

नंतर चहा पिताना चाचा म्हणाला, "सच्या, माझ्या वेळेला विसरू नको रे."

"तू कुठे मरतोयस एवढ्यात."

"मरेन की. फक्त संथ वाजवा. तू साला नेहमी घाई करतोस."

मग डीजे आला. पार्टी बसली. पास्कलकाका वसईला मुलाकडे राहायला गेले.

मंडळात नवी पोरं आली. त्यांनी एका वर्षी चाचाला बोलावलं नाही, मग पुढे कधीच नाही. कुणी भांडलं नाही, कुणी कारण पण सांगितलं नाही. विसर्जनाच्या दिवशी चाचा घरात टीव्ही मोठ्याने लावून बसायचा.

म्हणून परवा मी मंडळाच्या अध्यक्षाकडे गेलो. निल्या, माझ्या वर्गातला.

"चाचाच्या दारात एक मिनिट थांबव यार. बस."

तो बराच वेळ मोबाईल चाळत राहिला. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार.

"माझ्या बारशाला चाचाने वाजवलंय, आई सांगते," निल्या म्हणाला. "थांबवतो. पण मिनिटभरच हां. पोरांना मी सांभाळतो."

घरी येताना बरं वाटलं. म्हटलं, आहे अजून काहीतरी शिल्लक.

काल दिवेलागणीला विसर्जनाची मिरवणूक चाचाच्या दारात आली. निल्याने हात वर केला. डीजे बंद. शब्द पाळला त्याने, हे लिहायलाच हवं.

एवढी गर्दी, एवढे झेंडे, आणि एकदम शांतता. चाचाच्या बेंजोचं जुनं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर होतं. स्पीकर पण नेला होता.

तेवढ्यात आतून एक खिडकी लागली. मग दुसरी. आतला लाईट कुणीतरी बंद केला. आत लहान मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी पटकन गप्प केलं.

इरफान बाहेर आला. हात जोडलेले.

"काय झालं? आमच्याकडून काही झालं का?"

"इरफान, अरे मी. सच्यादादा. सलामी आहे रे, चाचाची."

त्याला कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला. पण हात तसेच जोडलेले राहिले.

"माहितीये दादा. तुझ्या दारातली बघितलीये मी. पण आता दारात मिरवणूक थांबली ना..."

त्याने मागे वळून बंद खिडकीकडे बघितलं.

"बायको आत थरथरतेय. पुढे घ्या ना. प्लीज."

निल्या माझ्याकडे बघत होता. मीच मान हलवली. डीजे सुरू झाला.

कुणी दगड मारला नाही. कुणी शिवी दिली नाही. म्हणजे बातमी पण नाही.

राग तरी कुणावर काढू? निल्या थांबला. इरफान घाबरला, त्याचं काय चुकलं? तो मोबाईलवर जे बघतो ते मी पण बघतो.

आधी सांगायला हवं होतं म्हणाल. सांगितलं असतं तर इरफानने आधीच हात जोडले असते. एवढाच फरक.

ज्याने गावठाणातल्या प्रत्येक दारात वाजवलं, त्याच्या दारात आम्ही नुसते उभे राहिलो तर त्याच्या नातवाला वाटलं, मारायला आले.

हे आता सुधारेल असं मला वाटत नाही. कुणी कमेंटमध्ये 'सगळं ठीक होईल' लिहू नका.

चाचा, गाणं वाजलंच नाही. स्पीकर तसाच पिशवीतून परत आणला.

तुला मनापासून शेवटचा नमस्कार. पोराची काळजी करू नको. पुन्हा नाही थांबणार आम्ही तुझ्या दारात.