बस आणि बास

माझा साडू आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही इंग्रजीत. एरवी तो पुणेकर. खरं बोलल्याशिवाय आणि ते समोरच्याला झोंबल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. पण लंडनजवळच्या स्लाऊच्या नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला स्वतःबद्दल एक 'फन फॅक्ट' सांगायला लावला. ही इथली रीत. एकीने मधमाश्या पाळल्या होत्या, एकाने सायकलवर अर्धा युरोप पालथा घातला होता. याच्या आयुष्यातली सगळ्यात सनसनाटी गोष्ट म्हणजे हा डाळींच्या डब्यांवर तारखेची लेबलं लावतो. याची पाळी आली आणि तोंडातून निघालं, "आय स्की."

मॅनेजरचे डोळे लकाकले. तो माणूस बर्फवेडा. पुढचे पाच महिने तो बर्फावर बोलत होता आणि हा मान डोलावत होता. मग ईमेल आला: येत्या गुरुवारी सगळी टीम इनडोअर स्की-स्लोपवर, आणि सगळ्यात आधी वरून उतरून दाखवणार आमचे साडूसाहेब. प्रोबेशन संपायला तीन आठवडे. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की डबे, लेबलं, सगळं परत कोथरूडला.

शनिवारी तो चकल्यांचा डबा घेऊन माझ्या दारात. लेबलसकट.

"तुला येतं ना रे स्कीइंग? स्कॉटलंडला केलंस असं दर दिवाळीला सांगतोस."

आता मी नागपूरचा. आमच्याकडे संत्र्याचं वर्णन करताना हात कलिंगडाएवढे होतात. स्कॉटलंडला मी दोन तासांचा क्लास केला होता, त्यातला एक तास बूट चढवण्यात गेला. पण आमच्या बायका सख्ख्या बहिणी. बारा वर्षांत हा साडू माझ्याकडे काही शिकायला आला असेल तर शपथ. म्हटलं, "उद्या चल. संध्याकाळपर्यंत तुझा पक्षी करतो."

ती जागा म्हणजे गोदामाएवढा फ्रीज. बाहेर जुलैचं ऊन, लोक हाफ पँटमध्ये आइस्क्रीम खात होते. आत पाय टाकला की नाकातला श्वास गोठून मिशीला लटकतो. साडूने हेल्मेटखाली माकडटोपी घातली होती. भिंतीवरचे नियम त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि त्यात स्पेलिंगची एक चूक काढली. मग बर्फावर पाय ठेवला.

"ऐक," मी म्हटलं, "इथे पोरांना पिझ्झा म्हणून शिकवतात. आपण समोसा म्हणू. स्कीची टोकं पुढून जवळ, टाचा मागून फाकव. समोसा केला की वेग कमी. आणि भार पुढे. मागे बसलास की मेलास. स्की सुसाट सुटतात."

"म्हणजे बसायचं नाही."

"काहीही झालं तरी बसायचं नाही."

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. लहान उतारावर तो तीनदा समोसा करत उतरला. म्हणाला, "एवढंच? मॅनेजर वरून सुटणार आहे." आणि लिफ्टकडे निघाला. मला जावंच लागलं. वरचं टोक मी जन्मात पाहिलं नव्हतं. खालून जो उतार बागेतल्या घसरगुंडीसारखा दिसत होता, तो वरून कोयना धरणाची भिंत निघाला.

"तू पुढे हो," साडू म्हणाला. "गुरू आधी."

"नाही नाही. शिष्य आधी. मागून चुका दिसतात."

"चुका मला दाखव, मग मी करणार नाही."

या वादात त्याचा पाय सुटला. पहिले वीस मीटर समोसा उत्तम होता, अगदी कडांना मुरड घातलेला. मग वेग वाढला, आणि समोर पाच-सहा वर्षांच्या पोरांची रांग. मी ओरडलो, "बस! अरे बस! बस ना बे!"

तो बसला.

बारा वर्षांत माझं पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही ताबडतोब. ऐटीत, पाटावर बसावं तसा. त्यासरशी स्की अशा सुटल्या की बर्फातून धूर निघाला. पोरांची रांग आपोआप दुभंगली, मधून साडू बसल्या बैठकीला पसार झाला आणि तळाच्या जाळीत बाजारच्या पिशवीतल्या भोपळ्यासारखा जाऊन लटकला.

"जिवंत आहेस का?" मी वरून.

"बस काय म्हणतोस! बसू नको म्हणालास ना?"

"बस म्हणजे थांब! बस झालं! पुरे!"

"त्याला बास म्हणतात!" जाळीत उलटा लटकूनही त्याचा आवाज छताला लागत होता. "ब ला काना बा! बास! एका कान्यापायी माझा जीव घेत होतास!"

"आमच्याकडे बसच म्हणतात!"

"म्हणूनच तुमच्याकडे कोणी थांबत नाही! ये आता खाली. दाखव मला. समोसा करून ये."

खाली सगळा हॉल मान वर करून बघत होता. लिफ्ट फक्त वर येते, हे मला तेव्हा कळलं. शेजारी लाल जॅकेटातल्या इन्स्ट्रक्टरबाई आल्या आणि मायेने म्हणाल्या, "फर्स्ट टाइम, लव्ह?" त्या हॉलमध्ये आवाज फार घुमतो. साडूने ते ऐकलं. जाळीतून सुटण्याआधी त्याने खिशातून फोन काढला.

मी स्की काढल्या, बगलेत मारल्या आणि उतरलो. बसून. दीडशे मीटर, पार्श्वभागावर, इंच इंच. वाटेत त्या रांगेतल्या एका मुलीने मला ओव्हरटेक केलं आणि "सॉरी" म्हणाली.

गुरुवारी साडू वर गेलाच नाही. तळाशी सगळ्यांना गोळा करून पुणेरी बाण्याने म्हणाला, माझा फन फॅक्ट चुकीचा होता, मला स्की येत नाही, दुरुस्ती सादर करतो. आणि माझा बसून उतरतानाचा व्हिडिओ लावला. मॅनेजर म्हणे हसताना बर्फात आडवा झाला. तीन आठवड्यांनी प्रोबेशन पास.

दिवाळीला साडूने ऑफिसच्या मंडळींना घरी बोलावलं. मी चकलीला हात घातला, तेवढ्यात एक उंच गोरा गृहस्थ हात पुढे करून हर्षभराने म्हणाला, "ओह! सो यू आर द फन फॅक्ट!"